रविवारच्या मराठी शाळेत ती बोलते का?

मी मूळची मिरजेची. २००१ साली नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट धरून न्यू जर्सीत आले, काही वर्षं घरी बसले, मग इथंच शिकले. गेली सतरा वर्षं मिडलसेक्स काउंटीतल्या सरकारी शाळांत स्कूल सायकॉलॉजिस्ट आहे. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या मनाविषयी संपादकांनी मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली निम्मी ‘कुणाला सांगू नका’ इथून सुरू होतात. म्हणून नावं काढली आहेत आणि गावं इकडची तिकडं केली आहेत. बहुतेक पत्रं न्यू जर्सीतली आहेत, त्यामुळे उत्तरंही इथल्या नियमांना धरून दिली आहेत. दुसऱ्या राज्यातल्यांनी आपापल्याकडचा नियम विचारून घ्यावा.

प्रश्न : आम्ही ऑगस्टमध्ये नाशिकहून एडिसनला आलो. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. घरी तिची टकळी थांबत नाही, पण शाळेत सहा महिन्यांत एक अक्षर बोललेली नाही. बाथरूमला जायचं असलं तरी सांगत नाही, दोनदा कपडे ओले झाले. बाईंनी ‘इव्हॅल्युएशन’ करू या असा ईमेल पाठवलाय. मिस्टर म्हणतात, इंग्रजी आलं की आपोआप बोलेल. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, ‘आमच्याकडे सगळेच घुमे, हाही चौथीत बोलायला लागला.’ मला भीती वाटते ती शिक्क्याची. आणखी एक कबूल करते. शाळेच्या फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता’ इथं मी इंग्रजी लिहिलं. मराठी लिहिलं तर वेगळ्या वर्गात टाकतात, असं ओळखीच्या एकीनं सांगितलं होतं. – एक आई, एडिसन

उत्तर : तुमच्या पत्रात जवळपास सगळं आलंय. एक गोष्ट राहिली, आणि मला आधी तीच हवी आहे. रविवारच्या मराठी शाळेत ती बोलते का? तिथं जात नसेल तर मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवाला, खालच्या मजल्यावरच्या मराठी काकूंकडे? म्हणजे जिथं इंग्रजीचा संबंधच नाही अशा ठिकाणी, घराबाहेरच्या माणसासमोर तिचा आवाज फुटतो का?

हे विचारायचं कारण असं की मुलांचं गप्प राहणं दोन तऱ्हेचं असतं आणि वर्गाच्या दारातून दोन्ही सारखंच दिसतं. नव्या भाषेत येऊन पडलेलं मूल आधी नुसतं ऐकत राहतं. काही आठवडे, कधी सहा महिनेसुद्धा. ते आजारी नसतं, साठवत असतं. असं मूल मराठी माणूस भेटला की धबधब्यासारखं सुटतं. दुसरं गप्प राहणं भीतीचं. त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. मुलाला बोलता येतं, बोलायचंही असतं, पण ठरावीक जागी, ठरावीक माणसांपुढे घसाच आवळतो. त्यात हट्ट नसतो की उर्मटपणा नसतो. इथं निदानासाठी डीएसएम-५ नावाचं जे पुस्तक वापरतात त्यात म्हटलंय की हे किमान महिनाभर चाललेलं हवं, त्यात शाळेचा पहिला महिना धरायचा नाही, आणि गप्प राहण्याचं कारण फक्त भाषा न येणं हे असेल तर हे निदान करायचं नाही. बाहेरून आलेल्या, दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांत हा त्रास जास्त आढळतो आणि नेमका त्यांच्यातच तो सगळ्यात उशिरा ओळखला जातो, कारण सगळे ‘इंग्रजी येऊ दे’ म्हणत थांबून राहतात.

पत्रावरून निदान करत नसतात, मीही करणार नाही. पण बाथरूमचं वाचून माझा कल दुसऱ्या बाजूला गेला. नुसती भाषा नसलेलं मूल दाराकडे बोट दाखवतं, बाईंचा हात ओढतं. तिला खूणसुद्धा करता येत नसेल तर थांबू नका.

तेव्हा बाईंना ‘हो’ म्हणा, आणि फाटकापाशी तोंडी नको, लेखी म्हणा. दोन ओळींचा ईमेल पुरतो : मुलीचं मूल्यमापन व्हावं अशी आमची विनंती आहे, खाली तारीख. त्या तारखेपासून घड्याळ सुरू होतं. शाळेच्या सुट्ट्या सोडून २० दिवसांत त्यांना तुमच्याबरोबर बैठक घ्यावी लागते. तिथं चाइल्ड स्टडी टीम असते, म्हणजे माझ्यासारखी एक सायकॉलॉजिस्ट, एक सोशल वर्कर, एक शिकण्यातल्या अडचणी बघणारी शिक्षिका. तुमच्या मुलीसाठी स्पीच थेरपिस्टही मागून घ्या. तुम्ही संमतीची सही केली की ९० दिवसांत तपासणीपासून मदत सुरू होण्यापर्यंतचं सगळं उरकायचं असतं. सही न करण्याचा हक्क तुमच्याकडेच असतो, म्हणून बैठकीला जायला घाबरू नका. पैसे पडत नाहीत. व्हिसा कोणता हे शाळा विचारत नाही. कागद असोत नसोत, मुलाला शाळा नाकारता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल आहे.

तपासणी मुलीच्या भाषेत व्हायला हवी, असं केंद्राचा अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा कायदाच सांगतो. तुम्हालाही बैठकीत दुभाषी मागता येतो. इथं एक अनुभवाचं बोल सांगते. ‘मराठी’ म्हटलं की शाळा हिंदीचा दुभाषी आणून बसवते, आणि आपण संकोचानं ‘चालेल’ म्हणतो. चालवून घेऊ नका. नाशिकच्या सहा वर्षांच्या मुलीला ‘डर लगता है क्या’ विचारून काय कळणार?

फॉर्मचं काम पाच मिनिटांचं. ऑफिसला लिहा की घरची भाषा मराठी आहे, चुकून इंग्रजी लिहिलं गेलं. ईएसएलचा, म्हणजे घरची भाषा इंग्रजी नसलेल्यांना इंग्रजी शिकवायचा वर्ग म्हणजे काळं पाणी नव्हे. बहुतेक प्राथमिक शाळांत रोज थोडा वेळ चार-पाच मुलांना वेगळं बसवून शिकवतात, आणि गप्प मुलीला तीस जणांपेक्षा चार जणांत तोंड उघडणं सोपं जातं. उलट कागदावर घरची भाषा इंग्रजी असल्यामुळे शाळा आज असं धरून चाललीय की मुलीला सगळं समजतं आणि तरी ती बोलत नाही. शिक्का तर तिथं आधीच बसलाय, फक्त चुकीचा. ही फाईल पुढे कॉलेजच्या अर्जाबरोबर जात नाही, आणि तुमच्या लेखी परवानगीशिवाय शाळा ती सहसा कुणाला दाखवू शकत नाही. तो १९७४ चा कायदा आहे.

आता उपाय कसा असतो ते सांगते, कारण ‘थेरपी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आडवं पडायचा कोच येतो. काही वर्षांपूर्वी इचलकरंजीचा एक मुलगा माझ्याकडे होता. त्याची आई रोज शाळा भरायच्या आधी पंधरा मिनिटं रिकाम्या वर्गात त्याला घेऊन बसायची. दार बंद, दोघंच, सापशिडीचा पट मांडलेला. पहिल्या आठवड्यात तो आईच्या कानात आकडे पुटपुटायचा. दुसऱ्या आठवड्यात दार उघडं. मग बाई व्हरांड्यातून जायच्या, त्याच्याकडे न बघता. मग दारात पाठ करून उभ्या राहायच्या. मग फळ्यापाशी वह्या तपासत बसायच्या. एक-एक फूट पुढे सरकत आम्ही दोन महिने घालवले. एके दिवशी झाडलोट करणारे काका कचऱ्याची पिशवी बदलायला आत आले. हे आमच्या आराखड्यात नव्हतंच. पोराच्या लक्षातही आलं नाही आणि तो चांगला मोठ्यानं म्हणाला, ‘आई, माझा डबा कुठंय?’ ते काका होते ग्वाटेमालाचे. त्यांनी वळून विचारलं, ‘डाबा?’ पोरगं हसलं, डबा उचलून दाखवला आणि म्हणालं, ‘डबा.’ शाळेत परक्या माणसाशी बोललेला त्याचा पहिला शब्द तो. बाई त्या दिवशी व्हरांड्यात जाऊन रडल्या, मीही.

घरी काय करायचं? पाहुण्यांपुढे ‘काकांना हॅलो म्हण, बोल ना गं’ हे आजपासून बंद. बोललीस तर चॉकलेट, हेही बंद. तिच्या वतीनं लगेच उत्तर देऊ नका, मनात पाच आकडे मोजा. ‘दूध हवंय का?’ विचारलं तर ती मान हलवून मोकळी होते. त्यापेक्षा ‘दूध की ज्यूस?’ असं विचारा. बोलली तर टाळ्या वाजवू नका, दूध द्या. बाथरूमसाठी बाईंशी एक खूण ठरवा, तिच्या बाकावर लाल कार्ड ठेवलं तरी पुरे. आणि घरी फक्त इंग्रजी बोला, असं कुणी सुचवलं तर एका कानानं ऐका. दोन भाषांमुळे हा त्रास होत नाही. ज्या भाषेत ती निर्धास्त आहे तीच काढून घेतलीत तर घरही शाळेसारखं होईल.

सासूबाईंना सांगा, मिस्टर चौथीत बोलायला लागले हे खरं असेल. पण पहिली ते तिसरी त्यांचं काय होत होतं, हे त्यांनाच कधीतरी विचारा.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा. वार्षिक तपासणीला डॉक्टरांनी टॅबवर प्रश्नावली भरून घेतली आणि म्हणाले, डिप्रेशनची लक्षणं आहेत, थेरपिस्ट बघा. ग्रीन कार्डच्या रांगेतली आमची तारीख (प्रायॉरिटी डेट) २०१६ ची आहे. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बाकी दोघं एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. हे रेकॉर्डवर आलं तर पुढं मेडिकलला किंवा मुंबईत व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडचण येईल का? पैसे रोख देऊन, इन्शुरन्सला न कळवता करावं का? की दोन वर्षं थांबावं? – एक वडील, प्लेन्सबरो

उत्तर : थांबू नका.

आता भीतीचं एक-एक बघू. ग्रीन कार्डच्या मेडिकलमध्ये डॉक्टर मानसिक आजाराबद्दल विचारतात, हे खरं आहे. पण कायद्यात अडचण येते ती आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वागणं असेल तर, किंवा पूर्वी घडलेलं असून पुन्हा घडण्याची शक्यता असेल तर. डिप्रेशन आहे, थेरपी चालू आहे, गोळी चालू आहे, एवढ्यावरून कुणाला नाकारता येत नाही. स्टॅम्पिंगच्या डीएस-१६० फॉर्मवरचा प्रश्नही धोक्याबद्दलच आहे, उपचारांबद्दल नाही. जे असेल ते खरं लिहायचं, आणि शंका असली तर फॉर्म भरण्याआधी वकिलाला दाखवायचा. थेरपिस्टच्या नोंदी इमिग्रेशन खात्याकडे जात नाहीत. वैद्यकीय नोंदींच्या गुप्ततेचा हिपा कायदा १९९६ पासून आहे. कंपनीचा इन्शुरन्स वापरणं म्हणजे सरकारी मदत घेणं नव्हे, त्यामुळे ‘पब्लिक चार्ज’चा, म्हणजे सरकारवर भार होण्याचा इथं संबंध येत नाही. आता उलट बाजू बघा. उपचारांवाचून दोन वर्षं गेली आणि पोरानं जिवाचं काही करून घेतलं, तर कायदा ज्याला अडचण म्हणतो ते नेमकं तेव्हा उभं राहील. आणि तेव्हा तुम्हाला ग्रीन कार्ड आठवणारही नाही.

रोखीचा विचार सोडा. एका तासाचे दोनशे डॉलर मोजून चौथ्या खेपेला तुम्हीच म्हणाल, आता बरा वाटतोय. थेरपी बंद पडण्याचं हे मी पाहिलेलं पहिल्या नंबरचं कारण.

त्यापेक्षा असं करा. कंपनीच्या एचआर पोर्टलवर ‘ईएपी’ शोधा. कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय असते, बऱ्याच ठिकाणी घरच्यांनाही काही भेटी फुकट मिळतात, आणि कोण गेलं हे मॅनेजरला कळत नाही. देसी कन्सल्टन्सीकडे असाल तर ही सोय नसण्याचीच शक्यता जास्त, तरी विचारून बघा. मग इन्शुरन्सच्या नेटवर्कमधल्या, म्हणजे त्यांच्याशी करार असलेल्या थेरपिस्टांची यादी काढा. या याद्या म्हणजे भुतांची जत्रा. कुणी निवृत्त झालेला, कुणाचा नंबर बंद, कुणी ‘नवे पेशंट घेत नाही’. फोन करत जा आणि तारीख, वेळ, काय उत्तर मिळालं ते वहीत लिहीत जा. ती वही वाया जात नाही. नेटवर्कमध्ये कुणीच मिळत नाही हे तिच्यावरून दाखवून द्या, आणि नेटवर्कबाहेरचा थेरपिस्ट आतल्या दरानं मंजूर करा, अशी लेखी मागणी करा. मागितल्याशिवाय इन्शुरन्स कंपनी हे कधी सुचवत नाही. भारतीय घरं समजणारा माणूस हवा असेल तर आपल्या न्यू जर्सीतच ‘समहिन’ ही दक्षिण आशियाई लोकांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. तिच्याकडे आपल्या भाषा येणाऱ्या थेरपिस्टांची यादी मिळते. गोळ्यांचा प्रश्न आला आणि बालमानसोपचारतज्ज्ञाची तारीख महिनोनमहिने मिळेना, तर तुमच्या मुलाच्या डॉक्टरांना पीडिॲट्रिक सायकायट्री कोलॅबोरेटिव्हबद्दल विचारा. त्या योजनेत साध्या बालरोगतज्ज्ञाला फोनवर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला मिळतो.

आजच करायचं काम वेगळं आहे. त्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात आणि नववा मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याला त्यानं काय उत्तर दिलं हे डॉक्टरांना विचारा, आणि त्यालाही सरळ विचारा. गाडीत विचारा, समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसून मुलं जास्त बोलतात. विचारल्यानं डोक्यात नसलेलं शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका. ९८८ हा अशा वेळच्या मदतीचा नंबर देशभर चोवीस तास चालतो आणि फोनवर दुभाषी मागता येतो. न्यू जर्सीत १-८७७-६५२-७६२४ हा मुलांसाठीचा परफॉर्मकेअरचा नंबर आहे. तिथं कळवलं की प्रशिक्षित माणूस साधारण तासाभरात तुमच्या घरी येऊ शकतो, आणि व्हिसाचा प्रश्न तिथंही येत नाही.

एक वैयक्तिक लिहू का? तुमच्या मूळ पत्रात पाच तारखा आहेत. मुलगा काय म्हणतो याचं वाक्य एकही नाही. मी भेटते त्या एच-४ मुलांना व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीन कार्डची रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक, क्रिकेटच्या स्कोअरसारखं पाठ असतं. कोणत्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत, हा १९९० चा नियम नववीतल्या पोरानं मला समजावून सांगितला आहे. एकविसाव्या वाढदिवसाला आपण आईबाबांच्या अर्जातून गळू शकतो, मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा तरी घ्यायचा नाही तर चार वर्षांच्या वयात सोडलेल्या देशात ‘परत’ जायचं, हे त्याला माहीत असतं. तुम्ही दार लावून वकिलाशी बोलता तेव्हा तो दाराच्या पलीकडे असतो. वय गोठवण्याचा २००२ चा कायदा आहे, तो तुम्हाला कितपत लागू होतो हे वकिलाकडून समजून घ्या, आणि त्या कॉलला त्याला शेजारी बसवा. त्याच्या डिप्रेशनचं कारण हेच आहे असं मी म्हणत नाही. पण तो जे एकटा मोजत बसलाय ते दोघांनी मिळून मोजलं तर बरं.

प्रश्न : (रोमन लिपीत आलेलं पत्र, देवनागरीत आम्ही उतरवलं.) मी १६ वर्षांची आहे. आईला इंग्लिश नीट येत नाही, बाबा गॅस स्टेशनवर नाइटला असतात. आईच्या सगळ्या डॉक्टर अपॉइंटमेंट्सना मीच ट्रान्सलेट करते. लास्ट इयर तिला गाठ आली होती. बायॉप्सी म्हणजे काय ते मीच तिला सांगितलं. गाठ साधी निघाली, पण तेव्हापासून मला झोप नाही. मला कोणाशी तरी बोलायचंय. कौन्सेलरकडे गेलं तर घरी फोन जाईल ना? पेरेंट्सना न सांगता जाता येतं का? त्यांना ऑलरेडी खूप टेन्शन आहे.

उत्तर : येतं. न्यू जर्सीत २०१६ पासून १६ वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना स्वतःच्या सहीवर डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट किंवा लायसन्स असलेल्या सोशल वर्करकडून बोलण्याचे उपचार घेता येतात. त्यात गोळ्या येत नाहीत, त्यासाठी आईबाबा लागतात. तुझं बोलणं गुप्त राहतं, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर समोरच्या माणसाला ते सांगावं लागतं. पहिल्याच भेटीत तिला विचार, ‘घरी कधी सांगाल आणि कधी नाही?’ चांगली बाई नीट उत्तर देईल. आणखी एक, जे मोठी माणसं सांगायला विसरतात : इन्शुरन्स वापरला की हिशेबाचं पत्र बाबांच्या नावानं घरी येतं. म्हणून सुरुवात शाळेपासून कर, तिथं बिल नसतं. २०२३ पासून राज्यभर ‘एनजेफोरएस’ नावाची केंद्रं आहेत, त्यांच्यामार्फतही शाळेतल्या मुलांना मदत मिळते. कशी मागायची ते कौन्सेलरला माहीत असेल.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, जो तू विचारलाच नाहीस. आईचं भाषांतर करणं हे तुझं काम नाही. तू वाईट करतेस म्हणून म्हणत नाही, तू बहुधा फार छान करतेस. पण २०१० च्या आरोग्य कायद्याप्रमाणे, सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी अगदी तातडीची वेळ सोडली तर लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायचं नाही, आणि दुभाष्याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत. बहुतेक सगळे दवाखाने, हॉस्पिटलं त्यात येतात. पुढच्या अपॉइंटमेंटच्या दोन दिवस आधी फोन कर आणि सांग, ‘पेशंटला मराठी दुभाषी लागेल.’ बहुतेक वेळा तो फोनवर किंवा स्क्रीनवर असतो. तू बाहेर बस. आईला वाटेल परक्या बाईला कशाला सांगायचं. तिला सांग, ती बाई आपल्याला कधी भेटणार नाही, हाच तिचा फायदा.

हे मी तुला कोणत्या तोंडानं सांगते तेही ऐक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शाळेत अकरा वर्षांच्या मुलाच्या आईबरोबर बैठक होती. घर गुजराती. ऐन वेळी दुभाषी आला नाही. मुलगा म्हणाला, ‘मी सांगतो आईला.’ आमची सोशल वर्कर हळू आवाजात म्हणाली, तो फार उदास दिसतो, मधल्या सुट्टीत एकटा बसतो, आम्हाला काळजी वाटते. मुलानं आईकडे बघितलं आणि म्हणाला, ‘कहे छे के बधुं सारुं छे.’ सगळं छान आहे म्हणतात. आई हसली आणि आम्हा सगळ्यांना हात जोडले. गुजराती मला तेवढं कळतं. टेबलाभोवती ते कळलेली मी एकटीच होते. पुढची बैठक दहा मिनिटांवर होती आणि मी गप्प बसले. आठवडाभरानं दुभाषी घेऊन पुन्हा बैठक लावली तेव्हा ती माउली मला म्हणाली, ‘त्या दिवशी तर सगळं चांगलं म्हणाला होतात.’ तो मुलगा खोटारडा नव्हता. आईला टेन्शन आहे म्हणून त्यानं ते आपल्याकडे ठेवून घेतलं. तू बायॉप्सीच्या वेळी काय काय आपल्याकडे ठेवलंस ते मला माहीत नाही, पण झोप तिथंच कुठंतरी अडकली असावी.

कौन्सेलरपुढे पहिलं वाक्य सुचणार नाही. हे पाठ कर : ‘गेल्या वर्षी माझ्या आईला कॅन्सर नाही हे मी तिला सांगितलं, आणि तेव्हापासून मला झोप लागत नाही.’ पुढचं ती विचारेल.

प्रश्न : नातू बारा वर्षांचा, टेक्सासला असतो. फार चिडचिडा झाला आहे, शाळेत जायला नको म्हणतो. तिकडे डॉक्टरला महिनोनमहिने वेळ मिळत नाही आणि खर्चही भयंकर. आमच्या ओळखीचे पुण्यात उत्तम मानसोपचारतज्ज्ञ आहेत, मराठीत बोलतील. व्हिडिओवर त्यांच्याकडून का करून घेऊ नये? – एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि तरी अडतं. पेशंट ज्या राज्यात बसलेला असतो तिथलं लायसन्स डॉक्टरकडे लागतं. पुण्याचे डॉक्टर कितीही उत्तम असले तरी टेक्सासच्या मुलावर उपचार करू शकत नाहीत, औषध लिहून देऊ शकत नाहीत, आणि मध्यरात्री काही झालं तर त्या गावातली कुठली यंत्रणा हलवायची हेही त्यांना ठाऊक नसतं. मराठी थेरपिस्ट मात्र टेक्सासमधलाच असला पाहिजे असं नाही. ‘सायपॅक्ट’ नावाचा राज्याराज्यांतला करार आहे, टेक्सास आणि न्यू जर्सी दोन्ही त्यात आहेत. त्याखाली परवानगी घेतलेला सायकॉलॉजिस्ट दुसऱ्या राज्यात बसून व्हिडिओवर बघू शकतो. नातवाला सुनेनं शाळेच्या कौन्सेलरकडे मात्र याच आठवड्यात न्यावं. शाळेत जायला नको म्हणतो त्यामागं बऱ्याचदा शाळेतलंच काहीतरी असतं.

पुण्याच्या डॉक्टरांची वेळ तुमच्या मुलानं आणि सुनेनं स्वतःसाठी जरूर घ्यावी, अर्थात भारतात सुट्टीवर येतील तेव्हा. बारा वर्षांच्या मुलाशी घरात कसं बोलावं हे मराठीत समजून घेतलं तर बरंच काम होतं.

आणि तुम्ही करण्यासारखं विचारलं नाहीत, पण सांगते. साताऱ्यात संध्याकाळी साडेसहा वाजता फोन लावा. हिवाळ्यात तेव्हा तिकडे सकाळचे सात असतात, स्कूल बस यायच्या आधीची वेळ. शाळेचा विषय काढू नका. मागच्या खेपेला तो कुठल्या कुत्र्याच्या मागं पळाला होता, ते कुत्रं आता कसं आहे ते सांगा.